वळून बघणारा माणूस

माझा स्वभाव संशयी आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट कळेल. कोंबिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तासांच्या दुकानातून, दूध आणलं तरी त्यावरची तारीख मी तीनदा वाचते. कुणी विनाकारण गोड बोललं की मला वाटतं, याचं काय काम असेल? आणि गंमत म्हणजे या खोडीचा मला पगार मिळतो. टोकियोतल्या एका आयटी कंपनीत मी टेस्टर आहे. दुसऱ्याने लिहिलेलं सॉफ्टवेअर चुकलेलंच आहे असं धरून चालायचं आणि ते कुठे चुकलंय ते शोधायचं, हे माझं काम. नवरा नागोयाला मोटारींच्या कंपनीत असतो, शनिवार-रविवार घरी येतो. तो म्हणतो, तू पत्रिका जुळवतानाच बग काढायला हवे होतेस.

बाबांच्या बाबतीत मात्र मला परीक्षक म्हणून रीतसर नेमलं होतं. आई गेल्यावर बाबा पुण्याच्या फ्लॅटमध्ये एकटेच राहत होते. वर्षभरात शेजारच्या काकूंचे दोन-तीन फोन आले. एकदा किल्ली दाराला बाहेरूनच लटकत होती, एकदा गॅस चालू राहिला होता. थोरला भाऊ बंगळूरला असतो. दादा म्हणाला, फ्लॅट बंद करू, बाबांना माझ्याकडे आणू. बाबा म्हणाले, मी माझ्या घरातून हलणार नाही. खूप वादावादी झाली आणि शेवटी ठरलं असं की बाबांनी तीन महिने माझ्याकडे, टोकियोजवळच्या उरायासूला यायचं. मी त्यांच्यावर नजर ठेवायची. सगळं ठीक दिसलं तर ते परत आपल्या फ्लॅटमध्ये राहतील आणि कुणी चकार शब्द काढणार नाही. नाही दिसलं, तर बंगळूर. हे बाबांच्या समोरच ठरलं, त्यामुळे आपण परीक्षेला बसलोय हे त्यांनाही ठाऊक होतं.

बाबा पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होते. आयुष्यभर कालव्यांचे नकाशे काढले. त्यांचं अक्षर असं, की किराणा मालाची यादीसुद्धा फ्रेम करून लावावी. उरायासूत आल्यावर आठवडाभरात ते कंटाळले, म्हणून मी चौकशी केली तेव्हा कळलं की जवळच्या कोमिनकानमध्ये, म्हणजे आपल्याकडचं समाजमंदिरच म्हणा, दर गुरुवारी सकाळी ज्येष्ठांसाठी ब्रशने अक्षर काढायचा वर्ग असतो. शिकवणाऱ्या सेन्सेई ऐंशीच्या घरातल्या, ताठ, राखाडी कार्डिगन घालणाऱ्या बाई. पहिल्या दोन गुरुवारी मी बाबांना सोडायला आणि आणायला गेले. तिसऱ्या गुरुवारी बाबा म्हणाले, दहा मिनिटांचा रस्ता, एक सिग्नल, मी काय बालवाडीत आहे का? मग ते काठी घेऊन एकटे जायला लागले.

सेन्सेईंची पद्धत निराळी होती. दर गुरुवारी एकच कांजी, म्हणजे जपानी चित्राक्षर, घ्यायची. आधी त्या अक्षराचं हजारो वर्षांपूर्वीचं रूप काढून दाखवायचं, हाडांवर कोरलेलं, जवळजवळ चित्रच. मग ते बदलत बदलत आजचं अक्षर कसं झालं ते दाखवायचं आणि मग ब्रश हातात द्यायचा. चांगलं आलं तर लाल शाईने कागदावर पाकळ्या असलेलं गोल फूल काढायचं, इथे पहिलीतल्या पोरांच्या वहीवर बाई काढतात तसं. बाबांना दर वेळी फूल मिळायचं आणि तो कागद मी फ्रिजवर लावावा म्हणून ते माझ्यासमोर मुद्दाम दोनदा खाकरायचे.

जेवताना मग त्या अक्षराची गोष्ट. झाडाला टेकलेला माणूस म्हणजे विश्रांती, हे मला आधीच माहीत होतं. पण एका गुरुवारी त्यांनी ‘रस्ता’ या अक्षराची गोष्ट सांगितली. त्यात चालण्याच्या खुणेशेजारी डोकं काढलेलं असतं. ते डोकं का, तर काहींच्या मते जुन्या काळी अनोळखी मुलखात पाऊल टाकताना परक्या टोळीतल्या माणसाचं मुंडकं हातात धरून पुढे चालायचे, म्हणजे त्या रस्त्यावरची भुतंखेतं पळतील. बाबांनी हे पोळीचा तुकडा मोडत मोडत, अगदी रंगवून सांगितलं. माझं डोकं लगेच सुरू. वर्गात परका माणूस एकच, तो माझा बाप, आणि त्याच्यासमोर परक्याच्या मुंडक्याची गोष्ट? आणि दुसरं म्हणजे बाबांना जपानी येत नाही, सेन्सेईंचं इंग्रजी ‘थँक्यू’च्या पुढे जात नाही, मग एवढी गोष्ट कळली कशी? बाबा म्हणाले, चित्रं काढून. दोघांनाही चित्र काढता येतं, भाषा कशाला हवी? मी मनात नोंद करून ठेवली.

पाचव्या की सहाव्या गुरुवारी खरी पाल चुकचुकली. वर्ग साडेअकराला सुटतो. गुरुवारी मी घरूनच काम करते. बाबा पावणेबाराला यायला हवेत, ते आले एक वाजता. विचारलं तर म्हणाले, ब्रश धुवायला गर्दी होती. पुढच्या गुरुवारी सव्वा वाजला. म्हणे चहा दिला त्यांनी. त्याच्या पुढच्या गुरुवारी पुन्हा ब्रश. सहा-सात म्हाताऱ्यांचे ब्रश धुवायला तास लागतो, हे मला पटेना.

पहिला संशय अर्थातच गोडावर. बाबांना डायबेटिस आहे आणि कोपऱ्यावरच्या कोंबिनीत लाल चवळीचं गोड सारण भरलेले पाव मिळतात, ते त्यांनी पहिल्याच आठवड्यात हेरून ठेवले होते. मी गुरुवारी दुपारी अचानक मशीन काढून त्यांचं बोट टोचलं. साखर नॉर्मल. पुढच्या गुरुवारी पुन्हा टोचलं, पुन्हा नॉर्मल. बाबांनी मुकाट्याने बोट पुढे केलं, आणि मला त्याचाच जास्त संशय आला. एरवी सुई दिसली तरी घर डोक्यावर घेणारा माणूस असा शहाण्यासारखा बसतो, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय.

आणि मग, सांगायला लाज वाटते, पण माझा संशय सेन्सेईंवर गेला. त्या एकट्या राहतात हे बाबांनीच सांगितलं होतं. बाबा गुरुवारी दाढी दोनदा करायचे. आईला जाऊन दीड वर्ष झालेलं. मी नवऱ्याला फोनवर म्हटलं तर तो आधी हसला आणि मग म्हणाला, असेल तर असू दे की, त्या वयात कुणीतरी बोलायला मिळालं तर तुझ्या पोटात का दुखतंय? माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी फोन ठेवून दिला. दुखत होतंच पोटात, आणि का ते मला नीट सांगता येत नव्हतं.

त्याच आठवड्यात बाबांचं जाकीट धुवायला टाकताना खिशात कागद सापडला. वर्गातलाच पातळ कागद, चार घड्या घातलेला. त्यावर ब्रशने काढलेला नकाशा. एका टोकाला साधा चौकोन, मग सरळ रस्ता, चौक, चौकात पोस्टाची पेटी, तिथून वळण, आणि दुसऱ्या टोकाला एका घरावर लाल शाईचं फूल. तेच ते पाकळ्यांचं फूल. हात बाबांचा नव्हता, कारण बाबा उत्तर दिशेचा बाण दाखवल्याशिवाय नकाशा काढूच शकत नाहीत. म्हणजे हा सेन्सेईंनी काढून दिला होता. साधा चौकोन म्हणजे आमची बिल्डिंग आणि फूल काढलेलं ते त्यांचं घर, हे मी क्षणात ठरवून टाकलं. मोबाइलवर फोटो काढला आणि कागद पुन्हा त्याच घड्या घालून खिशात ठेवला.

त्या गुरुवारचं अक्षर होतं ‘संशय’. हो, नेमकं तेच. चौदा रेघांचं, भरगच्च, नुसतं बघून त्यातलं काहीही कळत नाही. पण बाबांनी जेवणाच्या टेबलावर पेपर नॅपकिनवर त्याचं जुनं रूप काढून दाखवलं. एक माणूस उभा आहे, हातात काठी, आणि मान मागे वळवलेली. नंतर लोकांनी त्याला रस्ता जोडला, पाऊल जोडलं. चौकात उभा राहून कुठे जावं हे न कळणारा माणूस, म्हणजे संशय. मी विचारलं, मग तो मागे का बघतोय? आणि उत्तराची वाट न बघता मीच सांगितलं की कुणी पाठलाग करतंय का ते बघत असणार, मनात काळंबेरं असलेला माणूसच असा मागे बघतो. हे बोलताना मी मुद्दाम त्यांच्या डोळ्यांत बघितलं. बाबांनी नॅपकिन आपल्याकडे ओढून घेतला आणि जरा वेळ त्या चित्राकडे बघत राहिले.

“पाठलाग कसला गं,” ते म्हणाले. “बघतोय बिचारा, मागून कुणी येतंय का.”

मला ते उत्तर टाळाटाळीचं वाटलं.

पुढच्या गुरुवारी मी एक मीटिंग रद्द केली आणि सव्वाअकरालाच कोमिनकानच्या समोर, रस्त्यापलीकडच्या कोल्ड्रिंकच्या मशीनमागे जाऊन उभी राहिले. स्वतःच्या बापावर पाळत ठेवतेय म्हणून लाज वाटत होती, आणि आज रंगेहाथ पकडायचंच ही ईर्ष्याही होती. साडेअकराला बाबा बाहेर आले. खांद्याला पिशवी, हातात काठी. सेन्सेई दारापर्यंत आल्या, दोघांनी एकमेकांना वाकून नमस्कार केला, आणि त्या आत गेल्या. बाबा एकटेच चालायला लागले. मी अंतर ठेवून मागे.

चौकापर्यंत ते सरळ गेले. आमच्या भागातला तो चौक म्हणजे चारी बाजूंना सरळ रस्ते आणि चारी रस्त्यांवर त्याच फिकट टाइल्सच्या, त्याच उंचीच्या इमारती. बाबा थांबले. सिग्नल हिरवा झाला, त्यातली पक्ष्याची चिवचिव वाजली, लोक गेले. बाबा तिथेच. पुन्हा लाल, पुन्हा हिरवा. मला वाटलं, सेन्सेईंची वाट बघताहेत. तिसऱ्यांदा हिरवा झाला तेव्हा त्यांनी रस्ता ओलांडला, पण भलतीकडे, समुद्राच्या बाजूला. पन्नास पावलं गेले, थांबले, परत आले. खिशातून तो कागद काढला. एकदा असा धरला, एकदा तसा. मग काठीवर भार टाकून त्यांनी मान मागे वळवली.

नॅपकिनवरचं चित्र जसंच्या तसं माझ्यासमोर उभं होतं. मी मोबाइल काढून नकाशाचा फोटो उघडला आणि उलटा केला. साधा चौकोन म्हणजे कोमिनकान होतं. लाल फूल काढलेलं घर आमचं होतं.

टेस्टर म्हणवते मी स्वतःला, आणि नकाशा उलटा धरून आठवडाभर बापाला आरोपी केलं. हाक मारली तर मी मागावर होते हे त्यांना कळेल, म्हणून मारली नाही. किती वेळ गेला कोण जाणे, सेन्सेई सायकल हातात धरून आल्या. वर्गाला कुलूप लावून, किल्ली ऑफिसात देऊन त्या निघत असणार. बाबांच्या मागे दहा-बारा पावलांवर त्या थांबल्या. हाक मारली नाही, जवळ गेल्या नाहीत. बाबांनी पुन्हा मागे वळून बघितलं, त्यांना त्या दिसल्या. सेन्सेईंनी हात फार वर न करता उजवीकडे दाखवलं. बाबांनी मान डोलावली आणि उजवीकडे चालायला लागले, आमच्या घराच्या दिशेने, अगदी ताठ, जणू मुळात तिकडेच निघाले होते.

सेन्सेईंनी मला बघितलं आणि वाकून नमस्कार केला. मी तरातरा त्यांच्याकडे गेले. खरं सांगते, त्या क्षणी मला त्यांचा भयंकर राग आला होता. माझ्या मोडक्यातोडक्या जपानीत मी विचारलं की हे कधीपासून चाललंय आणि मला का सांगितलं नाहीत. त्यांनी सावकाश, सोपे शब्द निवडून सांगितलं की पाच-सहा आठवडे झाले. आधी त्या शेजारून चालायच्या, पण बाबांना ते आवडेना, म्हणून मागून. कधी कुलूप लावायला उशीर होतो, तेव्हा बाबा चौकात थांबून राहतात. आणि बाबांनी त्यांना एक चित्र काढून दाखवलं होतं. विमान, एक घर, त्या घरावर मोठी फुली, आणि शेजारी ओठांवर बोट ठेवलेला माणूस. तुम्ही मुलीला सांगितलंत तर माझं घर जाईल, एवढं त्यांना कळलं होतं. ते माझे विद्यार्थी आहेत, मी शब्द दिला होता, असं म्हणून त्यांनी पुन्हा मान झुकवली. मीही वाकले, आणि डोळे पुसत घरी पळाले.

बाबा माझ्या आधी पोचले होते. दार उघडल्या उघडल्या म्हणाले, आज चहा होता. नेहमीची थाप. मी चपला काढल्या आणि मोबाइलवरचा नकाशा त्यांच्यासमोर ठेवला. बाबांनी चष्मा लावला, फोटो बघितला, चष्मा काढला. मला वाटलं ओरडतील, खिसे तपासतेस म्हणून. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते उठून आपल्या खोलीत गेले आणि एक प्लॅस्टिकची फाइल घेऊन आले.

आत नकाशेच नकाशे होते, हे मात्र त्यांच्या हातचे. बारीक पेन्सिल, उत्तरेचा बाण, कोपऱ्यात चौकट करून तारीख. सगळे पुण्याचे. आमच्या फ्लॅटपासून भाजीपर्यंत, फ्लॅटपासून बँकेपर्यंत, बसस्टॉपवरून घरी. तीस वर्षं ज्या रस्त्यांवरून गेले तेच रस्ते. रोज दुपारी मी मीटिंगमध्ये असताना ते आठवून आठवून काढत होते, स्वतःलाच परीक्षा देत होते. पहिले दोन नकाशे पूर्ण होते. तिसऱ्यात बँकेकडे जाणारा रस्ता मध्येच तुटला होता. शेवटचा होता बसस्टॉपवरून घरी येणारा. गिरणी होती, औषधांचं दुकान होतं, त्यानंतर रेघ तुटक तुटक झाली आणि थांबली, आणि तिथे त्या सुरेख अक्षरात, खात्यात लिहायचे तसंच, लिहिलं होतं, ‘येथून पुढे खात्री नाही.’

मी रडले. बाबा रडले नाहीत. माझ्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला आणि विचारलं, “दादाला सांगणार?”

मी म्हटलं, मला माहीत नाही.

आणि खरंच माहीत नव्हतं. दोन दिवस मी स्वतःशीच भांडले. सांगितलं तर बाबांचं घर जाणार, आईच्या हाताने लावलेल्या मनीप्लँटसकट. नाही सांगितलं आणि पुण्यात एखाद्या दुपारी उन्हात ते असेच चौकात उभे राहिले, तर तिथे दहा पावलांवर कोण थांबणार आहे? आणि सगळ्यात जास्त टोचत होतं ते हे, की इतके आठवडे मी डोळ्यांत तेल घालून त्यांच्यावर नजर ठेवून होते. बोटं टोचली, खिसे तपासले. या माणसाला भीती वाटतेय, एवढंच तेवढं दिसलं नाही मला.

रविवारी दादाचा नेहमीचा फोन आला. मी स्पीकरवर ठेवला, बाबा शेजारीच होते, नखं कापत होते. दादाने इकडचं तिकडचं विचारलं आणि मग म्हणाला, काय मग परीक्षक, राहतील का एकटे? मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून आलं, हो रे, एकदम ठणठणीत आहेत. आयुष्यात कधी कुणाचा खोटा रिपोर्ट पास केला नव्हता, तो तेव्हा केला. बाबांनी नेलकटर खाली ठेवलं. माझ्या हातातून फोन घेतला.

“ती खोटं बोलतेय,” ते म्हणाले. “मला घर सापडत नाही रे.”



फ्लॅट बंद करायचं ठरलं. बाबांनी एकच अट घातली की मनीप्लँट बंगळूरला न्यायचा. इथले त्यांचे तीन गुरुवार उरले होते. मी म्हटलं, मी येते सोबत. ते म्हणाले, शेजारून चालायचं नाही, मागून ये, आणि लांबून. मी कबूल केलं. त्यातल्या पहिल्या गुरुवारी वर्ग सुटल्यावर सेन्सेईंनी दारातूनच मला बघितलं, सायकलवर बसल्या आणि पहिल्यांदाच दुसऱ्या रस्त्याने आपल्या घरी गेल्या. बाबा चौकात पोचले. सिग्नल हिरवा झाला, लोक गेले. मी दहा पावलं मागे थांबले. बाबांनी काठीवर भार टाकला, मान वळवली, आणि मागून कुणी येतंय का ते बघितलं.

मी हात वर केला.